टेपबाईने कॅमेरा घेतला

आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात. पस्तीस मशिनी, मधोमध कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्रीवाली, आणि अगदी शेवटी खिडकीपाशी टेपबाई. तयार कपडे तपासायचं काम तिचं. गळ्यात टेप, हातात खडू आणि जिभेला धार. "डाव्या खिशाखाली अर्धा इंच, टाका सुटलाय," म्हणून शर्ट परत यायचा, तो नेमका तुमच्या मांडीवर. एखादी नवी मुलगी रडवेली झाली तर म्हणायची, "रडून टाका बसत नाही. उसव."

बारा वर्षं मी तिच्या शेजारी बसले. भर उन्हाळ्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालायची, त्यावरून आम्ही तिची थट्टा करायचो. मीसुद्धा करायचे. देवाने डोळे दिलेत, पण ते उघडायचं काम आपलंच असतं.

एका सकाळी तिच्या हातात खडू राहीना. उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी, टम्म सुजलेली.

"काय गं हे?"

"दारात सापडली."

"आपोआप?"

 तिने कापडाच्या ताग्यांच्या खोलीत मला ओढत नेलं, दार लावलं आणि पाठीवरचा ब्लाउज वर केला. पट्ट्याच्या बकलाचे चौकोनी वळ होते, एकावर एक. काही जुने पिवळे, काही ताजे, रक्त साकळलेले.

"पंधरा मी आरशात मोजलेत," ती म्हणाली. "खालचे मला दिसत नाहीत. ते तू मोज."

मला मोजता येईना. मी नुसती देवाचं नाव घेत उभी राहिले. ती म्हणाली, "ते नंतर कर गं. आधी मोज."

तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. म्हाताऱ्या माणसांना हात देऊन गाडीत चढवणारा, उतारूंचा लाडका. तोंडावर कधी मारायचा नाही, कारण तोंड लोकांना दिसतं. डॉक्टरकडे तो सोबत जायचा, म्हणून कागदावर दरवेळी 'पडल्यामुळे' असंच लिहून यायचं. तिने फोनवर स्वतःच्या दंडाचा एक फोटो काढला होता. फोन तो रोज संध्याकाळी तपासायचा. त्याने फोटो पुसला, तिचा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार लोटलं. बोटं अशी सापडली होती.

इतकी वर्षं सोसलं आणि आताच का, असं मी विचारलं. तर म्हणाली, "परवा पोरगी मध्ये पडली. नऊ वर्षांची ती. त्याने तिला भिंतीवर आपटली. बायकांच्या छळाच्या तक्रारी घेतात त्या कचेरीत जाऊन आले मी. तिथल्या बाई म्हणतात, पुरावा आणा. नाही आणला तर पोरगी त्याच्याकडे. तो सांगतो, हिला झटके येतात, ही पडते, मूल हिच्याजवळ कसं ठेवायचं?"

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बसलेला, बोलका माणूस.

"कशासाठी हवाय, बाई? सहलीला? की घरात लग्नकार्य?"

"रोजच्या फोटोंसाठी."

"वा! हौस आहे." त्याने एक डिजिटल काढला. "हा घ्या. काढला की लगेच पडद्यावर बघा. नाही आवडला, पुसून टाका. रोल नको, धुवायचा खर्च नको."

तिने तो शर्टासारखा उलटासुलटा करून पाहिला. झाकणाची फट नखाने तपासली, पट्टा ओढून बघितला.

"बाई, शिवण नाही हो त्याला," दुकानदार हसला.

"पुसता येतो म्हणालात?"

"एका बटणावर."

"मग नको," म्हणत तिने तो परत ठेवला. "ज्याच्यात काय आहे ते कुणाला बघता येणार नाही, असा दाखवा. आणि आमच्या खिशाला झेपेल असा."

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तिच्या बोटांकडे पाहिलं. नंतर काही न विचारता खालच्या कप्प्यातून एक काळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, रोलचा कॅमेरा काढला. "यात फिरवायचं, जुळवायचं काही नाही. बटण दाबलं की फोटो. रोल आपोआप पुढे सरकतो, तेवढा घर्र आवाज होतो. धुतल्याशिवाय आत काय आहे ते देवालाही कळत नाही."

"देवाला कळतं," मी म्हणाले. तेवढंच माझ्याच्याने बोलवलं.

कॅमेरा आम्ही रिळांच्या डब्यात ठेवायचो. रोज सकाळी ताग्यांच्या खोलीत ती कपडे सारायची आणि मी फोटो काढायचे. टेपबाईच ती, प्रत्येक वळाशेजारी टेप धरायची आणि खाली त्या दिवसाच्या मालाची तारखेची चिठ्ठी. "जवळून घे," म्हणायची. "अर्धा इंच अर्धा इंचच दिसला पाहिजे." मी अगदी वीतभर अंतरावरून फ्लॅश मारायचे. एकवीस दिवस. त्या दिवसांत काय काय झालं ते सगळं मी लिहीत नाही. एकदा उकळतं पाणी मांडीवर, एकदा केस धरून न्हाणीघराच्या फरशीवर. एकदा नुसतीच लाथ, पण बरगडीवर. त्या दिवशी ती उभ्यानेच काम करत होती, कारण बसता येत नव्हतं.

रोल धुऊन आला. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत पांढरा गोळा. वळ नाही, टेप नाही, चिठ्ठी नाही.

दुकानदाराचा चेहरा उतरला. "बाई, इतक्या जवळचं याला दिसत नाही हो. तीन हात लांब उभं राहायचं. आणि फ्लॅश बंद. खिडकीच्या उजेडात काढा. मी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं…"  त्याने नवा रोल स्वतःच भरून दिला.

बाहेर रस्त्यावर मी रडायला लागले. एकवीस दिवसांचा मार माझ्या वीतभर अंतरापायी वाया गेला होता.

"पुरे," ती म्हणाली. "माल खराब निघाला, पुन्हा काढू. त्याच्याकडून कच्च्या मालाची टंचाई नाही." आणि स्वतःच हसली. हसताना तिचा हात बरगडीवर गेला.

दुसरा रोल तिच्या खिडकीपाशी, तयार कपड्यांच्या गठ्ठ्यांच्या आड काढला. स्वच्छ आला. बकलाचा खिळासुद्धा उमटलेला दिसत होता. आम्ही दोघी ते घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. एकेक फोटो त्यांनी सावकाश पाहिला. नवरा समोरच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून बसलेला.

"जखमा दिसतात," बाई म्हणाल्या. "हात दिसत नाही. हे त्यांनीच केलं हे मी कशावरून लिहू?"

"मॅडम, ती स्वतःच करून घेते," तो हळू आवाजात म्हणाला. "मी काय काय सोसतोय, ते माझं मला माहीत." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. तेव्हा मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली.

पुढची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली; तोवर तिला आणि पोरीला त्याच घरात राहायचं होतं.

फोटो निघतात कुठे, हे शोधायला त्याला सहा दिवस लागले. तिच्या पिशवीच्या अस्तरात रोल धुतल्याची पावती सापडली. दुकानात जाऊन त्याने दमदाटी केली. दुकानदाराने तोंड उघडलं नाही. मग नवऱ्याने ताडलं, घराबाहेर ती जाते ती फक्त कारखान्यात, आणि तो सरळ तिथे आला.

सकाळचे अकरा वाजले होते. आम्ही दोघी खिडकीपाशी होतो, तिसऱ्या रोलचे चार फोटो झाले होते. पट्टेवाल्याला ढकलून तो मशिनींच्या मधल्या वाटेने आला, घाई न करता, एखाद्या थांब्यावर गाडी लावावी तसा. "कॅमेरा कुठाय?" ती उठून उभी राहिली आणि त्याच्या नि माझ्या मध्ये आली. त्याने तिचे केस मुठीत पिळले.

मी पुढे झाले. तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, "सोडवू नकोस! काढ!"

माझे हात तिला सोडवायला उठले होते. त्याच हातांनी मी तीन पावलं मागे गेले आणि बटण दाबलं. घर्र. त्याने तिचं डोकं खाली दाबलं. घर्र. कापायच्या टेबलाच्या कडेवर तिचं कपाळ आपटलं, असा आवाज आला की सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. घर्र. ती खाली पडली, आणि त्याचा बूट तिच्या कमरेवर. घर्र. पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यावर रक्त उडालं होतं.

तो आवाज आता त्यालाही ऐकू आला. तो माझ्याकडे वळला. पण इस्त्रीवाली हातात तापलेली इस्त्री घेऊन मध्ये उभी राहिली होती. आमची इस्त्रीवाली, जिला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. "ये," एवढंच ती म्हणाली. त्याने इस्त्री हिसकायला हात घातला आणि तळवा भाजून घेतला. मग बाकीच्या उठल्या. कुणी गजपट्टीने हाणलं, कुणी नुसत्या हातांनी. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. देवापुढे मी ते कबूल केलं आहे.

तिच्या कपाळाला नऊ टाके पडले. पुढचा एक दात गेला.

तारखेला चार फोटो टेबलावर होते. त्यात हात होता, मूठ होती, चेहराही होता. नवरा भाजलेल्या हाताला पट्टी बांधून आला होता. त्याने ते नीट पाहिले आणि शांतपणे उचलून उलट्या क्रमाने लावले.

"मॅडम, असे बघा. ती चक्कर येऊन पडली. मी आवरायला गेलो, पाय चुकून लागला. मग तिला उचललं. शेवटी उभी केली. पुरावा म्हणून यांनी क्रम फिरवला."

बाईंनी फोटोंकडे पाहिलं. मान्य करायला हवं, तसेही ते जुळत होते. 

टेपबाईचा ओठ अजून सुजलेला होता, बोलताना दाताच्या जागी हवा सुटायची. तिने पाकिटातून निगेटिव्हची पट्टी काढली. "बाई, हा एकच अखंड तुकडा आहे. कापलेला नाही, जोडलेला नाही. कडेला आकडे छापलेत, ते आमचे नाहीत, रोलवर आधीपासूनच असतात. तेवढे वाचा."

बाई खिडकीपाशी गेल्या. पट्टी उजेडासमोर धरली.

"पाच," त्या म्हणाल्या. "उभी आहे. केस धरलेत." पट्टी सरकवली. "सहा. डोकं खाली. सात, टेबल." त्यांनी पट्टी आणखी जवळ घेतली. "आठ. जमिनीवर." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "उचलताना माणूस खाली जातो का हो?"

 त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले नाहीत.

हुकूम झाला: मुलगी आईकडे राहील, त्याने घराजवळ, शाळेजवळ किंवा कारखान्यात फिरकायचं नाही, आणि मारहाणीची तक्रार पुढे पोलिसांकडे जाईल. तिने सही केली. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नव्हती, म्हणून अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात पेन धरून.

जिन्यात तो आमच्या मागून आला आणि अगदी कानाशी म्हणाला, "बघतो मी." मग खाली निघून गेला.

ती जिन्याच्या पायरीवरच बसली आणि थरथर कापायला लागली. इतक्या महिन्यांत मी तिला अशी पाहिली नव्हती. मी शेजारी बसले, पाठीला हात लावायला गेले आणि थांबले, कुठे लावू कळेना.

"तेव्हा मी तुला सोडवलं नाही," मी म्हणाले.

"सोडवलं असतंस तर आज तो पोरगीला घेऊन गेला असता."

"तरीपण."

"तरीपण," ती म्हणाली. "मलाही राग आला होता तुझा. खरं सांगते. डोकं आपटलं तेव्हा मनात आलं, आता तरी ये की."

 ती कठडा धरून उठली.

"चल, शाळा सुटायची वेळ झाली. त्याच्याआधी पोचायला हवं."

आणि आम्ही निघालो, जवळजवळ पळतच.