सर, हात नको

दोन हजार सालच्या आसपास मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत मुलांना आंब्याची कलमं बांधायला शिकवायचो. आमच्या घरात अजून हा विनोदच समजतात. मुलांची कलमं फुटायची आणि मी सगळ्यांसमोर ऐटीत बांधलेलं हटकून वाळायचं.

गावठी रायवळ आंब्याच्या कोयीतून आलेलं तांबूस, कोवळं रोप छाटायचं, त्याला चीर द्यायची, चिरेत पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. एवढं झालं की माझं कलम वर्गात फिरायचं. "बसली का सर?" म्हणत जो तो काडी हलवून बघायचा. शेवटी मीही हलवायचो.

एका पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी ओल्या फडक्यात काड्या घेऊन आली. हापूसच्या नव्हेत, घरामागच्या रायवळाच्या. घर वाढवायचं म्हणून ते झाड त्याच दिवशी पाडायचं होतं, आणि तिच्या आईचं लोणचं त्याच आंब्याचं.

वर्ग खिदळला. "रायवळावर रायवळ? अगो, मग कोयच पुर ना!"

"कोयीतून तसाच आंबा येईल कशावरून?" ती म्हणाली.

हे मीच शिकवलेलं. कुणीतरी ऐकत होतं तर! त्या आनंदात मी पुढे झालो. "आण गो बाय, मी बांधतो."

तिने फडकं मागे घेतलं. "नको सर. तुमचं वाळतं."

काड्या बहुतेक कोवळ्याच निघाल्या. कलमाला चालेल अशी जून, फुगलेल्या डोळ्याची एकच होती. ती तिने बांधली आणि कलम कुठेतरी लपवलं. मी विचारलं तर म्हणाली, "सांगितलं तर तुम्ही येणार बघायला."

मी आपला मधल्या सुट्टीत, सहज फिरतोय असं दाखवत, शाळेभोवती शोधायचो. सापडलं नाही.

मग एक दिवस तिनेच मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. काडीच्या टोकाला दोन इवली तांबडी पानं. माझा हात पुढे गेलाच.

"सर!"

मी हात पाठीमागे बांधले.

ते झाड आता तिच्या आईच्या घरालगतच्या परड्यात उभं आहे. दरवर्षी आमच्याकडे त्याचे लोणच्याचे आंबे येतात. बायको कुरकुरते, "लोकांच्या मास्तरांना हापूसच्या पेट्या येतात हो," आणि बरणी घासायला घेते. मी कधी तिकडे गेलो, तर बुंध्याशी जाऊन उभा राहतो. तो आता दोन्ही हातांच्या पकडीत मावत नाही. तरी तिची आई दारातून हाक देतेच, "सर, हात नको हां!"