पप्पांची हळू आवाजातली प्रार्थना

आमच्या पप्पांना हळू बोलता येत नसे. अंबरनाथच्या इंडस्ट्रियल एरियात पॉवर प्रेसवर त्यांची हयात गेली आणि त्या धडधडीत कान गेले. ठार बहिरे नव्हते, पण कानाशी जाऊन ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू जायचं नाही, आणि आपला स्वतःचा आवाज किती चढलाय याचा तर पत्ताच नसायचा. एकदा आईच्या कानाशी लागून ते कुजबुजले, "शेजारीण जरा जास्तच आगाऊ आहे," आणि शेजारणीनं भिंतीपलीकडून भांडं आपटून पोच दिली. पुढे कितीतरी दिवस ती आमच्याशी बोलत नव्हती. पप्पा मात्र विचारत, "हिला झालं काय?"

आजोबा, म्हणजे पप्पांचे वडील, अगदी उलट. आवाज मुळात बारीक, आणि ओरडून बोलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. म्हणून बापलेकांच्या मधे मी. आजोबा खाटेवरून म्हणणार, "त्याला विचार, छत्री कुठं ठेवली," आणि मी पप्पांच्या कानाशी जाऊन बोंबलणार. कॉलेजात जाणारी पोरगी मी, पण घरात माझी नेमणूक भोंगा म्हणून. चिडचिड करायचे, पण ड्युटी काही सुटली नाही.

बुवापाड्यातलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि पडद्यामागे स्वयंपाकाचा ओटा. आजोबांच्या खाटेच्या वर निळ्या कोटातला फोटो, त्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती. आजोबांनी छप्पन साली ऐन तरुणपणी धम्म घेतला, आणि घेतला म्हणजे घेतलाच. रोज संध्याकाळी पांढरा सदरा घालून वंदना. घरात कुणी चुकून "देवा रे" म्हटलं तरी त्यांची भुवई वर जायची.

अशा घरात एका पहाटे मला पप्पांच्या आवाजानं जाग आली. फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी ते पडद्यामागे कुणाशी तरी बोलत होते.

"देवा, मी आलोय. काल सुपरवायझरला उलटून बोललो, ते चुकलं. चूक त्याची पण होती, पण ते तू बघ. गुडघा दुखतोय, चालायचंच. पोरगी माझ्याशी तुसड्यासारखी बोलते, पण मनानं सोन्यासारखी आहे. तिला सांगू नको हं मी असं म्हटलं ते."

मी पडदा जरा सरकवून पाहिलं. ओट्याकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले होते, डोळे मिटलेले, हात मांडीवर पालथे. बिचाऱ्यांना वाटत होतं आपण मनातल्या मनात पुटपुटतोय. माझ्या अंगावर काटा आला. त्यांना असं, इतकं मोकळं बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. माणूस समोर बसलेल्या माणसाशी बोलतो तसं चाललं होतं, मधेच थांबायचे, ऐकल्यासारखं करायचे, आणि "बरं" म्हणायचे.

मी काही बोलणार तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. तिला ठाऊक होतं. शेजारच्या मशीनवरच्या माणसानं पप्पांना आपल्या संगतीला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेच्या मंडळीत, नेलं होतं. कारखान्यांना आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे या मंडळींचा रविवारसुद्धा शुक्रवारीच यायचा. उल्हासनगरला कॅम्प पाचात, जीन्सच्या एका कारखान्यावरच्या माळ्यावर ते जमायचे. शुक्रवारी पप्पा ओव्हरटाइमच्या नावाखाली कुठं जातात ते तेव्हा मला कळलं.

मी खाटेकडे पाहिलं. आजोबा उताणे पडून होते, डोळे टक्क उघडे.

पहाटेचा विषय कुणीच काढला नाही. पण त्या शुक्रवारी पप्पा संध्याकाळी घरी आले तेव्हा आजोबा मला म्हणाले, "तुझ्या बापाला विचार, आम्ही देव नदीत सोडले ते, आता हा परत उचलून आणतोय का?"

मी पप्पांच्या कानात ओरडले. गल्लीतले टीव्ही एकेक करून बारीक झाले.

पप्पांनी चपला काढल्या, आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसले. "तसला देव नाही, दादा. मूर्ती नाही, नवस नाही, मधे भटजी नाही. मधे कुणीच नाही. मी सरळ बोलतो." मग म्हणाले, "सगळ्यांना माझ्याशी ओरडून बोलावं लागतं. येशू हळू बोलतो आणि मला ऐकू येतं."



"पुढच्या शुक्रवारी बदलापूरला नदीवर बाप्तिस्मा घेणार आहे," पप्पा म्हणाले. "तुमच्यापासून लपवून घ्यायचा नाहीये."

काका धावत आला. त्याचं म्हणणं, मनात काय ते ठेव, बाहेर आहे तसं राहू दे, कुणाला कळतंय? खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. झंझट कशाला? पप्पांना हे सगळं ओरडून सांगितलं तर म्हणाले, "त्यानं मला अख्खा घेतलाय. मी अर्धा कसा जाऊ?"

आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून "त्याला सांग" बंद, "त्याला विचार" बंद. माझी भोंग्याची नोकरी गेली, आणि मला ती किती हवी होती हे तेव्हा समजलं. घरात माणसं असून घर मुकं झालं.

पहाटेचा आवाज मात्र चालूच. "देवा, दादा माझ्याशी बोलत नाहीत. मी मागे फिरणार नाही, ते तुला माहीत आहे. पण त्यांना सोडणं पण माझ्यानं होत नाही. जेवण कमी केलंय त्यांनी. माझ्यावरचा राग राहू दे, पण त्यांना भूक लागू दे."

अंधारात आम्ही तिघं श्वास रोखून पडलो होतो. त्या दुपारी आजोबांनी आईकडे भाकरी मागून घेतली. खाताना मान वर केली नाही.

मग मला जवळ बसवून म्हणाले, "आमच्या घरच्या देव्हाऱ्यातले टाक मीच फडक्यात बांधून नदीत सोडले. गाव आमचं बदलापूरकडचंच, नदी तीच. घरी आलो तर माझा बाप ओट्यावर बसलेला. बघितलं माझ्याकडं आणि उठून आत गेला. मरेपर्यंत त्यानं मला हाक मारली नाही."

"मग तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"धम्म घेतल्याचं कधी नाही. हाकेचं वाटतं. अजून वाटतं."

मला वाटलं, आता तरी ते पप्पांशी बोलतील. नाही बोलले.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा आजोबा खाटेवर पाठ करून पडले होते. पप्पा दाराशी बराच वेळ उभे राहिले, मग वळले. मी चडफडत होते, म्हाताऱ्यावरही आणि पप्पांवरही.

नदीला पाणी बेताचं होतं. पलीकडे बायका कपडे धूत होत्या. संगतीची पंधरा-वीस माणसं काठावर उभी होती. पास्टर पप्पांना कमरेइतक्या पाण्यात घेऊन गेले आणि त्यांच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, पूर्ण मनानं येतोस का. पप्पांनी आपल्या मते हळूच उत्तर दिलं, "हो. पूर्ण मनानं." पलीकडच्या बायकांचे हात थांबले. कुणीही हसलं नाही.

ते पाण्याखाली गेले आणि वर आले. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आईबरोबरच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. प्रेसवरून थकून येणारा, तेलकट हातांचा माझा बाप तिथं उभा होता आणि मला त्याच्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटत होती. इतकं ज्याचं होऊन जावं असं कुणीतरी आहे, हे त्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी विश्वास ठेवणारी नाही, तेव्हाही नव्हते. पण माझी मान आपोआप खाली गेली.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "पोरा."

आजोबा. चपला हातात, धाप लागलेली, अंगावर वंदनेचा पांढरा सदरा. एकटे आले होते, कसे ते त्यांनाच माहीत. "पोरा," त्यांनी परत हाक मारली. पप्पांची पाठ आमच्याकडे होती, आणि कानात आता पाणीही गेलेलं. मी सवयीनं ओरडायला तोंड उघडलं, तर आजोबांनी मला हातानं थांबवलं.

"तू राहू दे," म्हणाले. "मीच जातो."

चपला काठावर ठेवल्या, धोतर वर धरलं आणि उतरले पाण्यात. पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. पप्पा वळले. आजोबांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या डोक्यावर टाकला आणि स्वतःच पुसायला लागले, न्हाऊन आलेल्या पोराचं पुसतात तसं. "गार आहे पाणी," एवढंच म्हणाले. पप्पांना ते ऐकू गेलं नसणार.

रात्री मी पप्पांना आजोबांच्या हाकेचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पडद्यामागून नेहमीची कुजबुज सुरू झाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"देवा, दादांनी मला दोनदा हाक मारली म्हणे. मला आली नाही ऐकू. तुला आली असेल. माझ्या वतीनं तू ओ दे त्यांना."

खाटेवर पांघरूण हललं. पप्पा कामाला गेल्यावर आजोबांनी मला बोलावलं. डोळे लाल होते, पुसायचीही तसदी घेतली नव्हती.

"त्याला कधी सांगू नको," ते म्हणाले, "की तो हळू बोलत नाही."