दामूच्या पाच उड्या

चार बायका एका छपराखाली शिवायला बसल्या, की कपड्यांआधी किस्सेच साठतात. कोपरीच्या आमच्या शेडमध्ये तर लढाईतून उरलेल्या पॅराशूट-छत्र्या दुरुस्तीला यायच्या. जवान त्या बांधून विमानातून उड्या मारायचे, आणि फाटलेलं शिवायचो आम्ही!

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मराठी शिकले दुकानांच्या पाट्यांवरून, इंग्रजी या छत्र्यांच्या पिशव्यांवरून. पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, "बाई, इथे अंगठा करा."

मी ठसठशीत सही ठोकली. म्हटलं, "तुमच्या सहीपेक्षा नीट वाचता येते. बघा!"

*

टाके तपासायला साळवी हवालदार. लढाईत ब्रह्मदेशात स्वतः उडी मारलेला माणूस! शहर घ्यायला भर पावसात कमरेइतक्या चिखलात उतरले, तर शत्रू आधीच ते सोडून गेलेला.

"मग लढलात कोणाशी?" मी विचारलं.

"चिखलाशी! देव करो आणि सगळ्यांना अशीच लढाई मिळो."

*

शेजारच्या मशीनवर यमुनाबाई. मिठागरातलं काम सोडून आलेली, आवाज खणखणीत, बोलीत 'ड'चा 'र'. तिचा मुलगा दामू पॅराट्रूपर व्हायला आग्र्याला गेला, त्या दिवशी ही आपलीच चांगली शिवण उसवायला बसली.

"अहो, त्यात खोट काय आहे?" साळवी ओरडले. "आणि दामूला कुठली छत्री मिळेल, कोणाला ठाऊक?"

"म्हनून तं सगल्याच उसवते!"

साळवींनी नवं रीळ आणून दिलं.

*

पाच उड्या झाल्या की छातीवर बिल्ला. दर उडीनंतर दामूचं पोस्टकार्ड यायचं, वाचायची मी. पहिल्यात एकच शब्द : "उघडली." दुसऱ्यात : "उघडली." तिसऱ्या-चौथ्यातही तेच!

"मेल्याला आयशीला लिवाया दुसरा शबूद नाय?"

"अगं बाई," मी म्हटलं, "तुला दुसरा हवाय का?"

*

पाचवं कार्ड आलंच नाही. पंधरा दिवस झाले. यमुनाबाई पुन्हा चांगल्या शिवणी उसवू लागली. पोस्टमन दिसला की साळवी नजर चुकवायचे.

एका दुपारी दारात दामूच उभा! छातीवर बिल्ला, बगलेत कुबडी, पायाला प्लास्टर. सगळ्या मशिनी थांबल्या.

"उघरली नाय?" यमुनाबाई मशीन सोडून धावली.

"उघरली गो आये! एकदम अलगद उतरलो."

"मंग पाय?"

"पाची झाल्या म्हनून आनंदानं जमिनीवरच उरी मारली, तीत मोरला!"