तार कोणासाठी होती

लग्नात माइक हाती आला की मला आवरणं कठीण. अक्षता पडून जातात आणि माझं नवरदेवाच्या आजोबांचं कौतुक चालूच असतं. कळंबजवळच्या आमच्या गावात माझं मंडप-लाउडस्पीकरचं दुकान आहे. तारांमधलं कळतं म्हणून पोलिसांनी त्या सकाळी पंच म्हणून मलाच नेलं.

गावातल्या एका शेतकऱ्यानं पऱ्हाटीभोवती, म्हणजे कपाशीभोवती, तारेत करंट सोडला होता. पहाटे परसाकडे निघालेला एक माणूस तिला चिकटून गेला. मी पंचनाम्यावर सही केली आणि, सांगायला लाज वाटते, आठवड्याभरात त्याचा प्रयोग बसवला. पानटपरीवर रोज फर्माईश. मी रानडुक्कर होऊन मुसंडी मारायचो, मग शेतकरी होऊन कपाळ बडवायचो, 'डुकरासाठी लावलती रे बाप्पा.' लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे. मला दोन्ही हवं असायचं.

माझ्या प्रयोगात तार एकच होती, पोटरीएवढी. शेतात दोन होत्या. दुसरी कमरेएवढ्या उंचीवर. ती मी गाळली होती. तिच्यामुळे गोष्ट बिघडत होती.

साक्षीचं समन्स आलं, तसा जामिनावर सुटलेला तो शेतकरी दुकानात आला.

"भाऊ, वकील म्हनते, डुकरासाठी लावली असं ठरलं तं शिक्षा कमी. माणसासाठी ठरली तं मी गेलो. पंचनाम्यात दोन तारा लिवल्या, उंची लिवलीच नाही. तुमी टपरीवर सांगता तसंच सांगा. लय मस्त सांगता तुमी."

एवढी दाद मला लग्नातही कोणी दिली नव्हती.

"दुसरी कायले लावलती?" मी विचारलं.

"दोनदा कापूस चोरून नेला, भाऊ. डुकरानं खाल्लं तं राग नाही येत. माणसानं नेलं तं येते."

मेलेला माणूस चोर नव्हता. हे त्यालाही माहीत होतं.

यवतमाळच्या कोर्टात सरकारी वकिलानं तारेची उंची विचारली. मी पिंजऱ्यात उभा, समोर बाकांवर माणसं. सवयीनं वाकलो आणि पोटरीला हात लावला. गावचा एक जण हसलासुद्धा. शेतकऱ्यानं डोळे मिटून श्वास सोडला. मग मी हात कमरेवर नेला. "आणि दुसरी इथं."

परतीची एसटी एकच होती, त्यामुळे सगळे तीतच. मेलेल्याची बायको माझ्याशेजारी बसली. ती काही चांगलं बोलेल, अशी मला आशा होती.

"भाऊजी, डुकरासाठी असती तं माझा माणूस कमी मेला असता काय?"

"नाही, वहिनी. पण मनात काय होतं, ते कोर्टाले पाहा लागते."

"त्याच्या मनातलं समद्यांनी पुसलं. तुमी तं टपरीवर डुकराच्याही मनातलं सांगता." तिचा आवाज चढला नाही. "माझा माणूस रोजची वाट सोडून तिकडून कायले गेला, हे कोणी पुसलं काय? पोट दुखून राह्यलं होतं त्याचं. जवळची वाट धरली."

तीन सीट पुढे शेतकऱ्याची मान दिसत होती. ती कळंबपर्यंत हलली नाही.

त्याला शिक्षा जास्त झाली. निकालात कमरेएवढ्या तारेचा उल्लेख आहे, माझ्या साक्षीचाही. ते बरोबर झालं असं मला वाटतं. वहिनींना तसं सांगायला मात्र मी गेलो नाही.