दोन विती आणि तीन बोटं

गाडी कुठलीही येवो, बिघाड काहीही असो, तो आधी पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवायचा. अंगाचा सगळा भार टाकून गाडी खाली दाबायची, झटकन हात काढून घ्यायचे आणि मान तिरकी करून ती किती वेळा वरखाली होते ते बघत राहायचं. गाडी स्थिर झाली की मालकाकडे वळून विचारायचा, "हिच्यात बसतंय कोन?"

सत्तरच्या दशकात सोलापुरात अक्कलकोट रस्त्यानं तुमची ये-जा असेल, तर तुम्ही त्याला नक्की पाहिलं असणार. लिंबाखाली पत्र्याचं शेड, पाटी नाही, आणि खिळ्यांवर टांगलेल्या जुन्या स्प्रिंगा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ओळखीसाठी प्रत्येक स्प्रिंगेला चादरीच्या काठाची वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली असायची. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मीही म्हणायचो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्याच्या त्या प्रश्नानं गिऱ्हाइकं वैतागायची. मी बसतो, आणखी कोण बसणार, असं म्हणून भागायचं नाही. पुढं कोण, मागं कोण, घरात म्हातारं माणूस आहे का, हे सगळं त्याला हवं असायचं. मग हुकूम सुटायचा की बसणारी सगळी माणसं घेऊन या. एकदा एका वकिलाचं अख्खं घर गाडीत बसून होतं, नऊवारीतल्या सासूबाईंसकट, आणि मिस्त्री उकिडवा बसून चाक आणि मडगार्ड यांमधलं अंतर बोटांनी मोजत होता. वकीलसाहेब फोटोला बसल्यासारखे ताठ झाले होते. मला तेव्हा खूप हसू आलं. पुढच्याच महिन्यात त्या जागी मी होतो.

आमच्या आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, नवी पेठेत कापडाचं दुकान. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. जरा बरे झाल्यावर त्यांनी एकच धोशा लावला, मला दुकानात न्या. रिक्षात चढणं जमेना म्हणून मी माढ्याकडच्या एका बागायतदाराची जुनी मोटार घेतली. त्या गृहस्थानं उसाच्या फडापर्यंत जाता यावं म्हणून ती चांगली उंच करून घेतली होती. आण्णांना तिच्यात उचलून बसवावं लागे आणि भर पेठेत उचलूनच उतरवावं लागे. आसपासचे दुकानदार माप टाकायचं थांबवून बघत. चाळीस वर्षं ज्या पेठेत त्यांचा शब्द चालला, तिथं त्यांचं असं गाठोडं झालेलं त्यांना सोसेना. पाचव्या दिवशी म्हणाले, राहू दे, मी घरीच बरा. दुकान सुटलं की हा माणूस अंथरूण धरणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. स्प्रिंगेचा धडा मला तोंडपाठ; स्प्रिंगेला हात मात्र कधी लावला नव्हता. मिस्त्रीकडे जाऊन मी ऐटीत सांगितलं की आण्णांसाठी गाडी खाली आणायची आहे, स्प्रिंगा कापून टाका. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कापलेली स्प्रिंग ताठ होते, खड्ड्यात थेट माणसाला धक्का देते, आजारी माणसाला ती चालायची नाही, असं त्यानं मला समजावलं. मग आण्णांना आणवलं, गाडीत बसवलं, मोजलं, मूळच्याहून आखूड अशी जोडी खिळ्यावरून उतरवली आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांतली दोन पानं काढली. दोन दिवसांनी आण्णा शेडखाली कुणाचाही हात न धरता गाडीत बसले. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रीचा तेलकट हात हातात घेतला.

तो आनंद नवी पेठेपर्यंत टिकला. दुकानासमोर गाडी थांबली, दार उघडलं आणि आण्णांना उठताच येईना. बूड इतकं खाली गेलेलं की एका पायाच्या जोरावर वर येणं शक्यच नव्हतं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा परत सीटवर. शेवटी मी आणि शेजारच्या भांड्याच्या दुकानातला माणूस, दोघांनी बगलेत हात घालून त्यांना ओढून काढलं. पहिल्यापेक्षा वाईट तमाशा झाला. घरी आल्यावर दुकानाच्या किल्ल्या त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या.

मी तणतणत शेडवर गेलो आणि नको ते बोललो. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग मडगार्डवर हात ठेवला.

"चूक माझी हाय, मास्तर," तो म्हणाला. "मी बसनं मोजलं. उठनं मोजलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात हजर. आण्णा पडवीतल्या बाकावर बसले होते. त्यांनी तोंड फिरवलं. मिस्त्री त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"आण्णा, कुनाचा हात न धरता तुमी कुटनं उठता?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता. आम्ही आपले उचलायला धावत होतो. आण्णा बाकावर हात आपटून म्हणाले, हितनं. मिस्त्रीनं वितीनं बाकाची उंची मोजली. दोन विती आणि तीन बोटं. मग म्हणाला, उठून दावा. आण्णा उठले. परत बसा. परत उठा. आपली धडपड घरच्यांपासूनही लपवणारा माझा बाप त्या परक्या माणसापुढे तीनदा बसला, तीनदा उठला. खरं सांगायचं तर मला मिस्त्रीचा हेवा वाटला.

पुढचे दोन दिवस माझी उत्सुकता मला कॉलेजात बसू देईना. सीट बाकाच्या उंचीला यावी म्हणून त्यानं चार स्प्रिंगा घालून काढल्या. शेवटी डावीकडे, आण्णांच्या बाजूला, हिरव्या चिंधीची, जरा आखूड पण जाड तारेची घातली, कारण ती भार पडल्यावर फार दबत नाही आणि कापलेल्या स्प्रिंगेइतकी ताठही नसते. उजवीकडची बोटभर उंच. दोन्ही बाजू सारख्या नकोत का, असं मी विचारलं, तर म्हणाला, उजवीकडं तुमी बसता, तुमचे पाय धड हायत की. शॉकअप निवडताना तो एकेक दांडा हातानं ओढून बघायचा. सहज येईल तो बाजूला टाकायचा, हाताला अडवत अडवत येईल तो ठेवायचा. स्प्रिंग उंची धरते आणि शॉकअप तिचं नाचणं थांबवतो, हे माझ्या धड्यात होतं. पण त्या धड्यात बसणाऱ्याचा गुडघा नव्हता.

सोमवारी गाडी पेठेत थांबली. आण्णांनी दाराची कड धरली, उजवा पाय टेकवला आणि उभे राहिले. सरळ, एकटे. कुणी माप टाकायचं थांबवलं नाही. समोरच्या सायकलवाल्याकडे मिस्त्री उगाच हवा भरायचा पंप न्याहाळत उभा होता. आण्णांनी त्याला हाक मारून दुकानात बोलावलं, आपल्याशेजारी बसवलं, चहा मागवला. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं आण्णा रोज दुकानात गेले, स्वतःच्या पायांनी उतरून.

आण्णा गेल्यावर काही महिन्यांनी मी शेडवर गेलो. मिस्त्रीनं मडगार्ड दाबलं, सोडलं, मान तिरकी करून पाहिलं. पण तो प्रश्न त्यानं विचारला नाही. नुसतं म्हणाला, "डावी स्प्रिंग बदलू का, मास्तर?" मी नको म्हणालो. त्यानं मान हलवली आणि फडक्यानं उगीचच डाव्या दाराची कडी पुसली.

पुढच्या वर्षी लिंबाखाली शेड नव्हतं. लेकीकडे गुलबर्ग्याला गेला म्हणे. कुणी म्हणालं, गेलाच. खात्रीनं सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि नावच माहीत नसल्यानं मला धड चौकशीही करता आली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मग गाडी एका नव्या, पाटीवाल्या गॅरेजात नेली. तिथला तरुण मेकॅनिक लांबूनच म्हणाला, "सर, गाडी डावीकडं झुकतीय. कुनीतरी चुकीची स्प्रिंग घातलीय."

"चुकीची नाही," मी म्हणालो. "मोजून घातलीय."

त्यानं खांदे उडवले आणि बॉनेट उघडलं. मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. माझं उत्तर तयार होतं. पण हिच्यात बसतंय कोण, हे त्यानं काही विचारलं नाही.