निळ्या खाडीची छाननी

मुलगी फोनवर मराठीत बोलली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या एखाद्या आईने पेढे वाटले असते. आमचं एकुलतं एक लेकरू, जन्म रायपूरचा. आम्ही नवरा-बायको विदर्भातले, घरात बोली मराठीच. पण ही पोर बोलायला लागल्यापासून ऐकणार मराठी आणि उत्तर देणार हिंदीत. "जेवलीस का?" "हाँ, खा लिया." "उशीर काहून झाला?" "ट्रैफ़िक था, आई." चौबे कॉलनीतल्या आमच्या मराठी मंडळात नेलं, तरी तेच. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. एकदा तर मराठीत मागितल्याशिवाय ताटात वाढायचंच नाही असं ठरवलं, तर ती शेजारच्या दीदीकडे जाऊन जेवून आली. पुढे हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि माल्टा नावाच्या बेटावर एका हॉटेलात रिसेप्शनला लागली. भूमध्य समुद्रातलं ते बेट नकाशावर शोधायला मला भिंग घ्यावं लागलं होतं. गेल्यावर तीनेक महिन्यांनी एका रविवारी ती म्हणाली, "आई, मी बरी आहे. काम चांगलं चालून राहिलं. तू काळजी नको करू."

मी फोन कानापासून दूर धरून नाव पाहिलं. तिचंच होतं.

"अवं, परदेशात गेल्यावर माणसाले आपली भाषा आठवते," आमचे हे म्हणाले. हे रेल्वेत होते. आयुष्यभर हजारो माणसं पाहिली, पण एकावरही संशय घेतला नाही.

"बावीस वर्षं नाही आठवली, अन् आताच काहून आठवली?" मी म्हटलं.

माझी नोकरी छाननीच्या टेबलावरची. नवं राज्य झालं तेव्हा एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत सरकार बसलं, आणि तिथल्या एका खोलीत मी. राज्य नवं झालं तशी सगळ्यांनाच आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायची घाई झाली होती. रहिवासाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांच्या जमिनीचे कागद यांचा माझ्या टेबलावर ढीग लागायचा. शिक्क्याची शाई, सहीचं वळण, तारखेचा वार, सगळं मी पाहायची. रविवारी दिलेला दाखला असला की मी तो अलगद बाजूला काढून ठेवायची. पुढे मंत्रालय नव्या राजधानीत गेलं, तेव्हा स्टाफच्या बसने त्या रुंद, ओसाड रस्त्यांवरून रोज जाताना शेजारणीने सुट्टीचं कारण सांगितलं तरी मी मनातल्या मनात त्याला जोडपत्र मागायची. स्वभावच तसा झाला. की आधीपासूनच तसा होता आणि सरकारला बरोबर माणूस सापडलं, कोण जाणे.

तर हा कागद मी पुढे-मागे करून पाहिला. मुलगी हिंदी सोडून मराठीत बोलते, याचा अर्थ तिच्याजवळ हिंदी कळणारं कोणीतरी बसलेलं असतं आणि आपलं बोलणं त्याला कळू नये असं तिला वाटतं. तो कोण? मला तर तो दिसायलाही लागला. दाढी राखलेला, खुर्चीवर पाय टाकून बसलेला, फुकटचा खाणारा.

मग फोटो. ती नेहमी एकाच जागेचे फोटो पाठवायची. दोन पिवळट कड्यांच्या मध्ये समुद्र आत शिरलाय, पाणी निळंशार, मधे वाळूचा लहानसा तुकडा. समुद्राच्या कुठल्या तुकड्याला काय म्हणायचं हे आम्हा विदर्भातल्यांना कुठलं ठाऊक? मी आपली खाडी म्हणायची. मोबाइलवर शोधलं तर ही खाडी भलतीच प्रसिद्ध निघाली. मुंगीला शिरायला जागा नाही इतकी माणसं. आणि हिच्या फोटोत चिटपाखरू नाही! छत्र्या मिटलेल्या, सावल्या लांबच लांब, म्हणजे सकाळची वेळ. इतक्या सकाळी ही तिथं काय करते? आणि एका फोटोत ती स्वतः हसत उभी होती, पायाशी फोटो काढणाऱ्याची सावली. ती सावली मी मोठी करकरून पाहिली. बाईची की पुरुषाची, शेवटपर्यंत ठरेना.

"आपण जायचं," मी जाहीर केलं.

व्हिसाच्या खिडकीपलीकडची पोरगी माझे कागद ज्या नजरेने उलटत होती, ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. मला घाम फुटला. माझे सगळे कागद खरे होते, तरी फुटला.

विमानतळावर मुलगी धावत आली, गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, कितनी दुबली हो गई हो!" हिंदीत! आम्हा दोघांखेरीज जवळ कोणी नव्हतं. मग ती आम्हाला तिच्या खोलीवर घेऊन गेली. तिथं तिच्यासोबत आणखी पोरी राहत होत्या, त्यांतली पंजाबची एक मुलगी चहा करत होती. उंबऱ्याच्या आत पाय पडताच आमचं कन्यारत्न म्हणालं, "आई, बस नं. पाणी देऊ काय?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे बिस्किटांकडे पाहत होते.

दोन दिवस मी नुसती नोंद घेत राहिले. आम्ही तिघंच असलो की हिंदी, ती पंजाबी मुलगी आली की मराठी. दाढीवाला कुठं दिसला नाही, पण म्हणून तो नसेलच असं मी मानलं नाही. तुझं हॉटेल दाखव म्हटलं, तर म्हणे स्टाफच्या घरच्यांना आत सोडत नाहीत. मग ती खाडी तरी दाखव म्हटलं, तर म्हणे, "वहाँ बहुत भीड़ रहती है. दूसरी जगह इससे अच्छी है." तिची नजर माझ्या चपलेवर होती.

"मले तीच पाहायची आहे," मी म्हटलं. "फोटो तू तिचे पाठवले."

तिसऱ्या दिवशी गेलो. बसने तासभर, मग उन्हात पायी, मग कड्यात खोदलेल्या पायऱ्या उतरून. पायऱ्या उतरताना मुलगी मागे न पाहता म्हणाली, "सँभल के, आगे वाली टूटी है." पुढची पायरी खरंच तुटकी होती. मी मनात टिपून ठेवलं.

खाली पोचलो आणि क्षणभर मी सगळं विसरले, हे कबूल केलं पाहिजे. नीळ जास्त पडलेल्या धोतरासारखं ते पाणी. असा रंग खरा असेल यावर विश्वास बसेना, म्हणून मी ओंजळीत घेऊन पाहिलं. ओंजळीत ते साधं पाणीच होतं. हे लगेच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत शिरले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. वाळूवर मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या-निळ्या छत्र्यांच्या रांगा, त्यांखाली लांब आरामखुर्च्या, त्यांवर तेल चोपडून पडलेली उघडी माणसं. कुठं पाहावं कळेना. मी मुलीकडे पाहिलं. तिने टोपी नाकापर्यंत ओढली होती आणि ती कड्याच्या कडेकडेने चालत होती. ओळखीच्या सावकाराच्या दुकानापुढून माणूस जातो तशी. नक्की, मी म्हटलं, तो इथंच कुठं तरी आहे.

तेवढ्यात वारा सुटला. आमच्यापासून चार पावलांवर एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईची छत्री वाळूतून उपटली गेली आणि थेट तिच्या अंगावर कलली. मी ओरडणार तोवर मुलगी तिथं पोचलीसुद्धा. तिने दांडा हवेतच धरला, पायाने वाळू उकरली, दांडा डावी-उजवीकडे हलवत खोल रुतवला, वाळूची पिशवी त्याला अडकवली, छत्रीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, आणि म्हाताऱ्या बाईसकट ती खुर्ची एका हिसक्यात सावलीत ओढली. सगळं मिळून अर्धा मिनिट लागलं नसेल. बाई थँक्यू म्हणाली.

हे काम रिसेप्शनवर शिकवत नाहीत.

मी जाऊन तिचा हात उलटा केला. तळहाताला घट्टे होते. तीन दिवस माझ्यासमोर तो हात जेवत होता आणि मी दाढीवाला शोधत होते.

"अरे, आज तो तेरी छुट्टी है न?" मागून आवाज आला. ती पंजाबी मुलगी, अंगात पिवळा टी-शर्ट, दोन खांद्यांवर दोन छत्र्या. आम्हाला पाहून ती मोकळेपणी हसली. "नमस्ते आंटीजी. ये तो हम सबसे फास्ट लगाती है."

मुलगी माझ्याकडे वळली आणि मराठीत सुरू झाली, "आई, ते काय झालं नं..."

"मराठीत नको," मी म्हटलं. "हिंदीत सांग."

ज्या भाषेसाठी मी त्या पोरीला उपाशी ठेवायला निघाले होते, तीच भाषा मी तिच्या तोंडातून काढून घेतली. मग तिने टोपी काढली आणि हिंदीत सगळं सांगितलं. रिसेप्शनची नोकरी दोन महिने टिकली. मग हॉटेलने माणसं कमी केली. परत येण्यापेक्षा तिने हे काम धरलं. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन छत्र्या लावायच्या, संध्याकाळी मिटायच्या. फोटो तेव्हाचे. सावली या पंजाबी मुलीची.

"मग मराठी?"

"रूम में सब हिंदी समझते हैं, आई. उनके सामने कैसे बोलती कि रिसेप्शन पे हूँ? सब मेरे साथ ही तो छाते उठाती हैं."

म्हणजे माझी मुलगी जन्मात पहिल्यांदा मायबोली बोलली ती आईशी खोटं बोलायला. मनातली शंका लपवून मंडळात मी ती बातमी कौतुकाने घरोघर पोचवली होती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"खरं सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुले?"

"तुम चेक करतीं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दसवीं का मार्कशीट तुमने स्कूल जाके चेक किया. सहेली के घर पढ़ने गई तो उसकी मम्मी को फ़ोन किया. मैंने सच बोला तब भी चेक किया. तो मैंने सोचा, जब चेक होना ही है, तो..." पुढचं तिने सांगितलं नाही.

हे पाण्यातून निथळत आले. आमची तोंडं पाहून म्हणाले, "सांगितलं काय तिनं?"

"तुमाले माहीत होतं?"

"हव. दोन महिने झाले."

"कोणी सांगितलं?"

"तिनंच. मी विचारलं, बेटा काम कसं आहे, तर तिनं सांगितलं." ते पँटचा भिजलेला काठ पिळत होते. "म्हणाली आईले मीच सांगीन. मग मी काहून सांगू?"

वर्षानुवर्षं मी खऱ्या-खोट्याची छाननी केली, आणि घरातलं खरं मात्र ज्या माणसाने साधं विचारलं त्याला मिळालं. हे मला फार लागलं. त्या दिवशी मी पाण्यात उतरलेच नाही. छत्रीखाली बसून राहिले. मुलीने शेजारची खुर्ची ओढली आणि टोपी पुन्हा नाकावर घेतली. निघताना विमानतळावर मी तिला म्हटलं, "आता तपासणार नाही." तिने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं.

रायपूरला परतल्यावर आठवड्याभरात मंडळात दिवाळीच्या फराळाची बैठक होती. चिवड्याला पोहे जाडे की पातळ यावरून भांडण जुंपलं होतं. त्यातच एकजणी माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊन आल्या म्हणते माल्टाले! काय करून राहिली तुमची पोट्टी तिकडं?"

मी तोंड उघडलं. सगळ्या ऐकत होत्या.

"हॉटेलात आहे," मी म्हटलं. "रिसेप्शनला."

इतकं सहज आलं ते, की मी पुढे हॉटेलातून समुद्र कसा दिसतो तेही सांगितलं. एकीनेही उलट प्रश्न केला नाही.

रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. मागे पोरींचा गलका, भांड्यांचा आवाज. इकडचं-तिकडचं झालं, आणि मग तिने विचारलंच. "मंडल में क्या बताया?"

नुसतं 'रिसेप्शन' म्हणून विषय बदलला असता तरी तिने पुढे विचारलं नसतं. खरं सांगितलं असं म्हटलं असतं तर तिने मानलं असतं, तपासणारं कोणीच नव्हतं.

"खोटं बोलले मी," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. तू रिसेप्शनला आहे म्हणून सांगितलं."

तिने खोलीतल्या पोरींना चूप केलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अब समझीं न, आई? कैसे निकल जाता है मुँह से."

"हव," मी म्हटलं.