मोड आलेला काजळ्या

शिरूरहून एसटीनं निघाले आणि न्हावऱ्याला सरूआत्यांकडे उतरले. या माझ्या शेजारणीच्या आत्या. तिथून पुढं दौंड बघून पुण्याला परतायचं, असा माझा सुट्टीचा सुटसुटीत बेत होता.

आत्यांच्या परसात एक रिकामा मांडव होता. त्यावर पूर्वी काजळ्या चढायचा. काजळ्या म्हणजे डोळ्यापाशी काळी रेघ असलेला पावटा. आत्यांनी तो माहेराहून आणलेला. दुष्काळात वेल करपला, आणि राखेत घोळून ठेवलेलं बीसुद्धा शिजवून खावं लागलं.

“पोटाम्होरं काय करता?” आत्या म्हणाल्या. “पर आता मांडवाकडं बघवत न्हाई. माजी लेक सुमन दौंडाला हाय. लगीन झालं तवा तिच्या पदरात बांधून दिलं व्हतं. तुमी जानारच हाय, तर तेवढं बी आना.”

मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. चौफुल्याला गाडी बदलली, उभ्यानं प्रवास केला, आणि दौंडला उतरले तेव्हा पदरावर कुणाच्या तरी पानाची पिंक होती. रेल्वेच्या चाळीत सुमनचं घर पटकन सापडलं. तिच्या कुंपणावर पावट्याचा वाळका वेल अजून तसाच होता. तो पाहून मला हायसं वाटलं.

पुणेकरांना भीड नसते म्हणतात. मला नेमकी तिथंच पडली. ओळख ना पाळख, दारातूनच ‘बी द्या’ कसं म्हणायचं? मी गोडीत म्हटलं, “आत्यांनी तुमच्या काजळ्याचं इतकं कौतुक केलं, की त्याच्यासाठीच आले बघा.”

सुमनचा चेहरा फुलला. “व्हय? मंग परवापातूर हलायचं न्हाई, बाई!”

बी शोधायला वेळ लागत असेल, असं मी समजले. दुसऱ्या दिवशी खुशाल जंक्शनवर हिंडले. कोळशाचा धूर खाल्ला आणि त्याच्यावर गरम भजी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुमन चुलीपुढं बसली होती. मांडीवर ओल्या फडक्याची पुरचुंडी, आणि त्यातला एकेक पावटा ती सोलत होती. टपोरा, पांढरा, डोळ्यापाशी काळी रेघ. प्रत्येकाला मोड आलेला.

“हे काय करताय?”

“उसळ. तुमी त्याच्यासाठीच आला न्हवं?”

“अहो, मी बियाण्यासाठी आलेय! आत्यांकडे एक दाणा उरलेला नाही.”

सुमनचा हात थांबला. “आईकडं न्हाई? आन् मी सगळंच भिजवलं की! म्हनलं, आईकडं हायच, पुन्यांदा आनू.”

तिला रडू फुटलं आणि मलाही. मग तिनंच नाक पुसलं, एक दाणा उचलून निरखला आणि म्हणाली, “मोड आलाय म्हंजी जित्तं हाय. बाई, उठा. गाडी गाठा.”

सोललेले दाणे तिनं बाजूला काढले. बाकीचे पुन्हा ओल्या फडक्यात बांधले. मी म्हटलं, “थोडे तुम्हाला ठेवा.”

“नगं. हितं पानी दोन दिसाआड येतंय. मोडाला दम कुठला? आईच्या हाताला लागंल.”

परतीच्या गाडीत मी पुरचुंडी मांडीवर घेऊन तिच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडत बसले. शेजारचे आबा बराच वेळ बघत होते. “ताप आलाय का त्याला?” त्यांनी विचारलं. मी हकिगत सांगितल्यावर ते आपण होऊन खिडकीकडच्या उन्हाला बसले आणि मला सावलीची जागा दिली.

न्हावऱ्यात आत्यांनी पुरचुंडी सोडली आणि कपाळावर हात मारला. “ह्ये बी हाय का उसळ?” पण लगेच खुरपं घेऊन मांडवाखाली बसल्या. मोड मोडू नये म्हणून एकेक दाणा बोटांनी मातीत निजवू लागल्या. मधेच म्हणाल्या, “तिला ठिवलं न्हवं?”

“नाही. सगळं तुम्हाला दिलं.”

आत्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “पैल्या शेंगा तोडायच्या न्हाईत. वाळू द्यायच्या. त्या सुमनच्या.”

उसळ न खाताच परत आले म्हणून घरी सगळे हसले. हसू देत. दोन घरांत मिळून तेवढी एक पुरचुंडी उरली होती, आणि सुमननं ती आईला देऊन टाकली. दौंडला पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं, तर मी सुमनचं घर सांगते.